अठरावं सरायच्या आत: सोलापुरात दिव्यांग मुलांना कामासाठी तयार करताना

जून उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. "सर, पोराची शाळा संपली बघा. कुठंतरी चिकटवून द्या की ओ." पोरगा अठराचा झालेला, शाळेचा दाखला कपाटात आणि दोन महिने घरात टीव्हीसमोर. मी विचारतो, एकटा रिक्षानं गेलाय का कधी? "छे ओ, आम्ही सोडतोच की." दुकानातून काही घेऊन येतो का? "त्याला कुठं जमतंय." मग चिकटवायचं कुणाला आणि कुठं?

म्हणून हे लिहितोय. ज्यांचं मूल आठवी-नववीत आहे असे आईबाप, विशेष शाळेत नुकते लागलेले शिक्षक आणि एखाद्या मंडळातून हौसेनं पुढं आलेले कार्यकर्ते, असे या कामात नवे असणारे डोळ्यांसमोर आहेत. गाव सोलापूर, कारण पुण्या-मुंबईचे सल्ले इथं निम्मे गळून पडतात. आपल्याकडं हाताला काम आहे ते टॉवेल-चादरीत, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या युनिटांत, दवाखान्यांत, मार्केट यार्डात आणि शेंगाचटणीच्या पुड्या भरणाऱ्या घरांत. इतक्या वर्षांत एवढं कळलंय: मालक हळू हात खपवून घेतो, पण न सांगता दांडी मारणारा माणूस खपवून घेत नाही. तेव्हा मुलाला काय येतं हे नंतर बघू. आधी ते रोज, वेळेवर, एकटं जाणारं झालं पाहिजे. त्याला चार वर्षं लागतात.

घरातली नोकरी, चौदाव्या वर्षापासून

मूल आठवीत असतानाच त्याला घरात एक काम नेमून द्या. "जमेल तसं कर" असलं काम नको. रोज, ठरल्या वेळी, कुणी न सांगता झालंच पाहिजे असं एक. पिण्याचं पाणी भरणं, शेंगा निवडणं, कपड्यांच्या घड्या. मला घड्या आवडतात, कारण टॉवेलच्या युनिटात तपासणी झाली की पुढं घडी आणि पॅकिंगच असतं. काठाला काठ लावून घडी घालता येणं म्हणजे सोलापुरात अर्धी पात्रता झाली समजा.

काम जमायला लागलं की वेळ वाढवत न्या. शाळेचा तास अर्ध्या-पाऊण तासाचा, आणि मुलाचं शरीर त्या घंटेवर लागलेलं असतं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंत सलग तीन-चार तास जातात. आधी अर्धा तास, मग एक, मग मध्ये एकदा पाणी पिऊन दोन. कंटाळा आला तर उठायला हरकत नाही, पण उठण्याआधी "मी पाच मिनिटं थांबतो" हे सांगायला शिकवा. बोलता येत नसेल तर खुणेनं किंवा चित्राच्या कार्डानं.

सोबत काही गोष्टी, ज्या कुठल्याच पुस्तकात नसतात. डबा स्वतः उघडून खाणं आणि धुऊन ठेवणं. पाळीच्या दिवसांत मुलीनं आपलं आपण बघणं. घरचा मोबाइल नंबर पाठ असणं, निदान खिशात चिठ्ठी. कुणी नको तिथं हात लावला तर मोठ्यानं "नको" म्हणणं आणि घरी येऊन सांगणं. हे शेवटचं लाजून टाळू नका, मुलग्यांच्या बाबतीतही. आणि लघवीला जायचं असेल तर अनोळखी माणसाला विचारता येणं.

या शेवटच्या गोष्टीनं माझी एकदा जिरवली. एका मुलाला मी टॉवेल पॅकिंगला लावून दिलं. हात झकास होता. चौथ्या दिवशी मालकांचा फोन, "उद्यापासून पाठवू नका." पँट ओली झाली होती, पोरं हसली होती. शौचालय इमारतीच्या मागं, वळसा घालून. त्याला ते मी दाखवलं नव्हतं आणि विचारायचं कसं हेही शिकवलं नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही युनिटात गेलो की मशिनच्या आधी मी शौचालय बघून येतो.

वही घाला

शंभर पानी वही घ्या आणि मुलाकडं बघत बसा. गंमत नाही, हेच सगळ्यांत मोठं काम आहे. आवाज झाला की काय करतो? नवीन माणूस आला की? उभं किती वेळ राहतो? रोजच्या क्रमात बदल झाला की बिथरतो का? चांगल्या गोष्टीही लिहा: काय करताना त्याला हाक ऐकू येत नाही इतका रमतो. दोन-तीन महिन्यांच्या नोंदींतून जे दिसतं ते बुद्ध्यांकाच्या आकड्यातून दिसत नाही.

एका स्वमग्न मुलीच्या वहीत आईनं लिहिलं होतं, "कुकरची शिट्टी झाली की कान झाकून खोलीत पळते. औषधाच्या रिकाम्या बाटल्या उंचीप्रमाणे लावते." म्हणजे यंत्रमागाची शेड तिच्यासाठी बाद. पण औषधांच्या गोदामात माल लावायचं, मुदत संपत आलेली खोकी वेगळी काढायचं काम तिला जमेल, हे त्या दोन ओळींतून सुचलं.

उलट चुकीचा तर्क मी वारंवार ऐकतो: "मुलगा कर्णबधिर आहे, मागाच्या आवाजाचा त्याला काय त्रास?" त्रास आहे. जी थोडी श्रवणशक्ती उरलीय ती त्या खडखडाटात जाते, आणि मागून कुणी "सरक" म्हणून ओरडलं तर ते कळतच नाही. कर्णबधिर मुलाला शेडमध्ये घालायचंच असेल तर कानाला संरक्षण, दिव्याचा इशारा आणि मान वर केली की माणसं दिसतील अशी जागा, एवढं आधी ठरवून घ्या. त्यापेक्षा गणवेशाच्या युनिटात काज-बटण, ओव्हरलॉक किंवा इस्त्रीला ही मुलं फार लवकर तयार होतात.

फिट येणाऱ्या मुलाला माग, शिडी, भट्टी, उकळतं तेल यांपासून लांब ठेवायचं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो. पत्र्याच्या शेडमध्ये काय होत असेल याचा अंदाज घ्या आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तो कागद मुकादमाकडंही असू द्या.

कागदांची पिशवी

ही सगळ्यांत कंटाळवाणी पायरी, पण ती सोळाव्या-सतराव्या वर्षीच उरका.

पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं देशभर चालणारं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, तपासणीला जायचं. जाताना जुने रिपोर्ट, शाळेचे शेरे, चष्म्याचा-श्रवणयंत्राचा कागद, सगळं न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. जुन्या, १९९५ च्या कायद्यात सातच होते, त्यामुळं "आमच्या मुलाचं यात बसत नाही" असं समजून पालक अजून घरी बसतात. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सगळं आता यादीत आहे. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व लागतं. लहानपणी काढलेलं प्रमाणपत्र बऱ्याचदा तात्पुरतं असतं. बौद्धिक आणि अध्ययन अक्षमतेत अठराव्या वर्षी फेरतपासणी असते. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहा, नाहीतर ऐन ॲडमिशनच्या वेळी कळतं की कार्डाची मुदत गेली.

दुसरं, नावाचं स्पेलिंग. हसू नका. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांचं दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं रूप असतं. कन्नड आडनावांचीही तीच गत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे आहे ते प्रमाण धरा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवून घ्या. शाळेत असताना दुरुस्ती सोपी जाते, शाळा सुटल्यावर तीच एका अर्जावरून पाच चकरांवर जाते.

तिसरं, बँक खातं. दहा वर्षांपुढच्या मुलाचं स्वतःच्या सहीनं चालणारं खातं निघू शकतं. ते अठराच्या आत काढा आणि महिन्यातून एकदा त्यालाच शंभर रुपये काढायला लावा.

चौथी गोष्ट अवघड. मूल अठराचं झालं की कायद्यानं ते सज्ञान. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं कायदेशीर पालकत्वासाठी, म्हणजे त्याच्या वतीनं सही-निर्णय करता यावेत म्हणून, अर्ज करता येतो. अनेक पालक हे प्रमाणपत्र हौसेनं काढतात. माझं मत, खरंच गरज असेल तरच काढा. ज्याला स्वतःचा पगार मोजता येतो आणि हो-नाही सांगता येतं, त्याची सही आपण कशाला काढून घ्यायची?

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जात असेल तर जातीचा दाखला, हे सेतूतून निघतं. त्यावर जास्त शाई घालवत नाही. आणि एसटीचा ७५ टक्के सवलतीचा पास बार्शी, अक्कलकोट, मोहोळहून येणाऱ्या मुलांनी आधी करून घ्यावा. त्या पासावर नोकरी टिकते की नाही हे ठरतं.

पुढं शिकायचं की कामाला लागायचं

दहावी झाली असेल तर विजापूर रोडचं शासकीय आयटीआय आधी जाऊन बघून या. दिव्यांगांना राखीव जागा असतात, पण ट्रेड निवडताना मुलाला वर्कशॉपमध्ये उभं करून बघा. फॉर्म भरताना सगळेच इलेक्ट्रिशियन लिहितात. दहावी राहिली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून विषय सुटे सुटे देता येतात. एका वर्षी दोनच विषय घेतले तरी चालतं.

दृष्टिहीन मुलांसाठी एक कळकळीची सूचना. अँड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए हे दोन्ही फुकट आहेत, मराठी वाचून दाखवतात. दहावीच्या आधी हे बोटांत बसलं पाहिजे. ब्रेल यावंच, पण पुढच्या परीक्षा, अर्ज, बँकेतलं काम, सगळं पडद्यावर आहे.

मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या, आकाशकंदील यांबद्दल माझं मत कडवट आहे. अनेक कार्यशाळांत वर्षानुवर्षं हेच शिकवतात. प्रदर्शनात माणसं कौतुकानं विकत घेतात, दिवाळी सरली की हात रिकामे. हात बसायला पणत्या रंगवा, त्यावर पोट भरायचा हिशोब मांडू नका. "टपरी टाकून द्या" हा सल्लाही तसाच. गिऱ्हाइकाशी बोलता येतं, सुटे पैसे मोजता येतात आणि घरातलं एक माणूस पाठीशी उभं राहणार आहे, या तीन गोष्टी असतील तरच टपरी. असतील तर महापालिका आणि ग्रामपंचायतीत विचारा. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी त्यांनी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. शिवणयंत्र, छोटं साधन यांसाठी लेखी अर्ज टाका आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्याला कुणी विचारत नाही.

सरकारी नोकरीचं थोडक्यात: ४ टक्के आरक्षण आहे आणि लेखी परीक्षेत पात्र उमेदवाराला लेखनिक व तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो. अभ्यास जरूर करा. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आणि महास्वयम पोर्टलवर नावही नोंदवा. पण जागा निघेपर्यंत मुलाला घरी बसवू नका. पाच वर्षं वाट बघितलेला तरुण सकाळी उठायचंच विसरलेला असतो.

मालकाकडं जाताना

हे नव्या कार्यकर्त्यांनी नीट वाचावं. मोठा हार, फोटो, "समाजकार्याला हातभार" हे काही नको. दयेवर लागलेलं काम सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याच्या जत्रेइतकंच टिकतं, पंधरा दिवस झगमगाट आणि मग मोकळं मैदान.

आधी मुलाला न घेता जा. अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, दुपारच्या जेवणानंतर मालक जरा निवांत असतात. बसा आणि दोन तास काम बघा. कुठं काम तुंबतंय? शिवणाऱ्या बायका सुई सोडून धागे कापत बसल्यात का? तपासणाऱ्या माणसालाच उठून लेबलं आणावी लागतायत का? तुमच्या मुलाची जागा तिथं आहे. "एक दिव्यांग मुलगा ठेवा" म्हणण्यापेक्षा "तुमच्या सहा कारागिरांचा धागे कापायचा वेळ वाचवणारा एक मुलगा आहे" म्हणा. मालक लगेच खुर्ची पुढं ओढतात.

मग खरी माहिती द्या. "सगळं येतं" असं सांगू नका. "मोजताना दहाच्या पुढं चुकतो, म्हणून दहा-दहाचे खण असलेलं खोकं मी करून देतो. एका वेळी एकच सूचना द्या. रागावलात तर रडेल, दहा मिनिटांत ठीक होतो." एवढं स्पष्ट ऐकलं की माणूस घाबरत नाही. कर्णबधिर मुलगी असेल तर मुकादमाला दहा खुणा शिकवा: थांब, चूक, पुन्हा, छान, जेवण, पगार, असल्या. बाकी व्हॉट्सॲपवर लिहून भागतं, पण तिला शाळेत मराठी वाचता येतं की नाही हे आधी तपासा. घरात तेलुगू, शाळेत मराठी, युनिटात हिंदी अशी तिहेरी भानगड आपल्याकडं नेहमीचीच.

"अपघात झाला तर?" हा प्रश्न येणारच. इतर कामगारांना जे संरक्षण, तेच याला. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असलेल्या ठिकाणी इतरांसाठी पगाराची मर्यादा २१ हजार आणि दिव्यांग कामगारासाठी २५ हजार आहे, हे बऱ्याच मालकांना माहीत नसतं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करून त्यात दिव्यांगांना देता येणाऱ्या जागाही सांगाव्या लागतात. मात्र पहिल्याच भेटीत कायदा काढू नका. चहा थंड होतो.

शेवटी पंधरा दिवसांची चाचणी मागा, आणि तिचेही पैसे ठरवून घ्या, थोडे का असेनात. फुकटचं काम हे मालकाला काम वाटत नाही आणि मुलालाही नाही. कायद्यानं चौदाच्या आत कामावर ठेवता येत नाही आणि अठरापर्यंत धोकादायक कामाला लावता येत नाही, तेव्हा शाळेत असताना फक्त बघायला न्या किंवा सुट्टीत कुणाच्या तरी दुकानात माल लावायला बसवा.

रस्ता

नोकरी पक्की होण्याआधी रस्ता पक्का करा. शहर बसचा भरवसा नाही, शेअर रिक्षाच खरी. पहिला आठवडा बरोबर जा आणि तोच बोलेल, तुम्ही गप्प. दुसऱ्या आठवड्यात मागच्या सीटवर अनोळखी होऊन बसा. तिसऱ्यात गाडीवरून मागं मागं. चौथ्यात युनिटच्या फाटकावर थांबा. खुणा पक्क्या द्या: "मोठ्या झाडाजवळ" असं नको, झाड तोडलं जातं; चौकाचं नाव, पुतळा, देऊळ. रिक्षा बंद असेल त्या दिवशी काय करायचं याचाही एकदा सराव घ्या. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत रस्ते वळवले जातात, तेव्हा तो आठवडाभर पुन्हा सोबत जा. दोन वर्षं एकटा जाणारा मुलगा त्या गर्दीत तासभर एकाच जागी उभा राहिलेला मी पाहिलाय.

पहिले तीन महिने

आधी रोज, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा जाऊन या. हाताचं काम तुम्ही करू नका. खण केलेलं खोकं, रंगीत टेप, चित्रांची पाटी असलं काही लागलं तर ते करा आणि बाजूला व्हा. युनिटातलं एक माणूस, शक्यतो शेजारी बसणारी एखादी काकू, त्याची पाठराखीण म्हणून शोधा. मालकापेक्षा तिच्यावर जास्त अवलंबून आहे. तिच्या हातावर कधीमधी शेंगाचटणी ठेवलीत तर बिघडत नाही.

पगार नगावर आहे की दिवसावर, हे लिहून घ्या. नगावर काम असेल तर हळू हाताला सुरुवातीला फार कमी सुटतं, तेव्हा पहिले तीन महिने रोजावर मागा. पैसे त्याच्या खात्यात जाऊ द्या. घरातलं कुणी त्याच्या नावावर मालकाकडून उचल घेत नाही ना, हे बघा. हे होतं, आणि सज्जन घरांतही होतं. पहिल्या पगारातून त्याला हवी ती एक गोष्ट त्याला घेऊ द्या, मग तो मोबाइलचं कव्हर घेवो नाहीतर अर्धा किलो जिलेबी.

संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान बंद पडेल म्हणून पालक कामाला नाही म्हणतात. योजनेला उत्पन्नाची अट आहे, हे खरं. तहसील कार्यालयात सध्याची मर्यादा विचारा, वर्षाचा पगार आणि अनुदान शेजारी शेजारी लिहा आणि मग ठरवा. लपवाछपवी मात्र करू नका. ती पुढं मुलाच्याच गळ्यात येते.

नोकरी सुटली तर पुन्हा वही उघडा आणि का सुटली ते लिहा: आवाज, मुकादम बदलला, रस्ता, टवाळी, की काम खरंच जमत नव्हतं. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची दुसरी किंवा तिसरी जागा टिकली. चौथ्या महिन्यानंतर मी युनिटावर जाणं थांबवतो. फक्त दिवाळीच्या आठ दिवस आधी एक चक्कर असते, कारण बोनसची यादी तेव्हा होते आणि आपल्या मुलाचं नाव तीतून हमखास गळतं.